तिखट नसलेल्या मिरचीचा लाल रस्सा

एक किलो चिकनला दोन ते अडीच मोठे चमचे मिरचीपूड. हंगेरीतल्या घरांत चिकन पाप्रिकाश करताना हे प्रमाण अगदी नेहमीचं आहे. आपल्या डब्यातलं लवंगी किंवा संकेश्वरी मिरचीचं तिखट याच मापाने घातलं, तर पहिल्याच घासाला ठसका लागेल. तिथे मात्र हा रस्सा लहान मुलंही ताट पुसून खातात, कारण त्या पुडीत तिखटपणा जवळजवळ नसतोच. त्यात असतो गडद लाल रंग, गोडसर चव आणि पिकून वाळलेल्या फळाचा वास.

हा एक मुद्दा पक्का समजला की पाप्रिकाशची पुढची सगळी कृती उलगडत जाते. आपण जेवणाला धार यावी म्हणून मिरची घालतो. हंगेरियन स्वयंपाकात कांद्याप्रमाणेच मिरचीही रश्श्याचं अंग आहे. म्हणून ती निवडायची कशी, तेलात घालायची कधी आणि तिच्या सोबतीला काय घालायचं नाही, याचे तिथले नियम वेगळे आहेत. पाककृतींमध्ये हे नियम दिलेले असतात, पण त्यांची कारणं सहसा नसतात. कारण कळलं नाही की आपला हात सवयीने आलं-लसणाच्या पेस्टकडे आणि गरम मसाल्याकडे जातो. मग तयार होतं ते एक बरं चिकन, पण पाप्रिकाश नव्हे.

आधी नावांचा गुंता

हंगेरीबाहेर ‘गुलाश’ या एकाच नावाखाली बरंच काही खपतं. मूळ गुयाश हे गुराख्यांचं जेवण. गोमांस, कांदा, पाप्रिका (म्हणजे वर सांगितलेली ती तिखट नसलेली मिरचीपूड), बटाटा, गाजर घालून केलेलं ते पातळ सूप असतं आणि ते खोल ताटलीत वाढतात. त्याच्याशेजारी आहे पर्कोल्ट. यात मांस कांदा-पाप्रिकात, अगदी थोड्या पाण्यात, अंगाबरोबरच्या रश्श्यात शिजवतात. जगभरातल्या हॉटेलांत गुलाश म्हणून जे दाट कालवण येतं, ते बहुतेक वेळा या पर्कोल्टच्या जवळचं असतं. पर्कोल्टमध्ये शेवटी आंबट साय घातली की झालं पाप्रिकाश.

साय कशात घालायची यालाही एक सर्वसाधारण शिस्त आहे. कोंबडी, वासराचं कोवळं मांस, नदीतला शिंगाड्यासारखा मासा, अळिंबी अशा फिक्या आणि सौम्य चवीच्या गोष्टींचं पाप्रिकाश होतं. गाईबैलांचं, मेंढीचं किंवा शिकारीचं गडद मांस पर्कोल्टमध्येच शोभतं. कोंबडीचंही पर्कोल्ट होतं बरं का. म्हातारा कोंबडा घराबाहेर, लाकडाच्या जाळावर टांगलेल्या बोग्राच नावाच्या कढईत तासन्‌तास शिजवायचा, हा गावाकडचा आवडता प्रकार आहे. आपल्याकडे कलेजीबरोबर मिळतो त्या पेट्याचंही सुंदर पर्कोल्ट करतात. पेटा चिवट असतो, पण दीड-दोन तास मंद आचेवर राहिला की लोण्यासारखा मऊ पडतो.

घरी पहिल्यांदा करायला मात्र पाप्रिकाशच घ्यावं. ते लवकर होतं आणि साय थोड्याफार चुका पोटात घालते. एक चूक सोडून. तिच्याकडे पुढे येऊच.

मिरची कुठून आली आणि गोड कशी झाली

मिरची मूळची अमेरिकेतली. पोर्तुगीजांबरोबर ती सोळाव्या शतकात गोव्यात उतरली आणि तिथून आपल्या स्वयंपाकघरात शिरली. हंगेरीत ती ऑटोमन तुर्कांच्या वाटेने पोचली. बुडा शहर १५४१ ते १६८६ या काळात तुर्कांच्या ताब्यात होतं, आणि मिरचीला तिकडे बराच काळ ‘तुर्की मिरी’ म्हणत. आधी हौसेने बागेत लावलेलं झाड, मग महागडी काळी मिरी परवडत नाही अशा घरांतला मसाला, आणि एकोणिसाव्या शतकात साऱ्या देशाच्या जेवणाचा रंग, असा तिचा प्रवास झाला. देशाच्या दक्षिणेकडचा सपाट, भरपूर उन्हाचा मुलूख तिला मानवला. टिसा नदीवरचं सेगेद आणि डॅन्यूबजवळचं कालोचा ही पाप्रिकाची दोन मोठी गावं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मिरची तोडतात. तिच्या लांब माळा ओवून घरांच्या भिंतींवर, ओसरीखाली टांगायची तिथे जुनी रीत आहे. झाडावरून उतरवल्यावरही टांगलेली मिरची आतून पिकत राहते आणि तिचा रंग आणखी चढतो. माळा ओवायचा खटाटोप त्यासाठीच.

पण ही जुनी हंगेरियन मिरची तिखटच होती. मिरचीचा जाळ ज्या कॅप्सेसिनमुळे होतो, ते बियांमध्ये तयार होतं असा आपला समज असतो. खरं तर ते तयार होतं बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या आतल्या पांढरट शिरांमध्ये. बियांना ते नुसतं लागतं. सेगेदच्या पाल्फी बंधूंनी १८५९ मध्ये दळण्यापूर्वी बिया आणि शिरा वेगळ्या काढायचं काम यंत्रावर आणलं, आणि सौम्य पूड मोठ्या प्रमाणावर मिळू लागली. पुढे विसाव्या शतकात मुळातच तिखट नसलेली वाणं तयार झाली, तेव्हा ती खटपटही संपली. तिखट खाणारे हंगेरीत आहेतच. मात्र त्यांच्यासाठी टेबलावर वेगळी तिखट मिरची किंवा मिरचीची पेस्ट ठेवलेली असते. ज्याला हवी त्याने आपल्या ताटात घ्यावी. रश्श्यातली पाप्रिका सगळ्यांची.

याच मिरचीमुळे सेगेदचं नाव विज्ञानाच्या इतिहासातही गेलं. तिथल्या विद्यापीठात असताना आल्बर्ट सेंट-ज्योर्जी यांनी ताज्या लाल मिरचीतून क जीवनसत्त्व भरघोस प्रमाणात वेगळं काढलं, आणि १९३७ मध्ये त्यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. ते स्वतः सांगत की एका रात्री जेवणात लाल मिरची होती, ती खावीशी वाटेना, आणि त्यावरूनच ही एक वनस्पती आपण अजून तपासलेली नाही हे त्यांच्या ध्यानात आलं. तासभर शिजलेल्या रश्श्यात हे जीवनसत्त्व फारसं उरत नाही, हे मात्र सांगायला हवं.

दुकानात काय घ्यायचं, आणि नाही मिळालं तर

हंगेरियन पुडीवर बहुतेक वेळा ‘एदेशनेमेश’ असं लिहिलेलं असतं. ती गोड, लालभडक आणि पाप्रिकाशसाठी नेमकी. ‘चेमेगे’ आणखी नाजूक, ‘रोझा’ थोडी तिखट, आणि ‘एरोश’ म्हणजे चांगलीच तिखट. मोठ्या शहरांतल्या परदेशी वाणसामानाच्या दुकानांत आणि ऑनलाइन एदेशनेमेश मिळते. नुसतं ‘पाप्रिका’ लिहिलेली बाटली घेताना मात्र बारीक अक्षरं वाचा. स्पेनची पाप्रिका पुष्कळदा धुरावर वाळवलेली असते. तिचा धुरकट वास छान असतो, पण तो पाप्रिकाशचा वास नव्हे, आणि दोन चमचे घातल्यावर दुसरं काही लागतच नाही.

पूड ताजी आहे की नाही हे नाकाने ओळखता येतं. झाकण उघडल्यावर गोडसर, फळासारखा वास आला पाहिजे. जुन्या पुडीला धुळीचा वास येतो आणि रंग विटकरी होतो. उजेड आणि हवा हे या रंगाचे शत्रू आहेत, म्हणून लहान पाकीट आणावं, घट्ट झाकणाच्या डब्यात, अंधारात किंवा फ्रिजमध्ये ठेवावं, आणि वर्षाच्या आत संपवावं.

पाप्रिका मिळालीच नाही तर? आपल्याकडे ब्याडगी मिरची आहे. कर्नाटकातल्या हावेरी भागातली ही सुरकुतलेली मिरची रंगाला जबरदस्त आणि तिखटाला बेताची. तरीही ती एदेशनेमेशपेक्षा तिखट असते, म्हणून पाल्फींच्या यंत्राचं काम आपण हाताने करायचं. आठ-दहा ब्याडगी मिरच्या कात्रीने उभ्या कापा, बिया झटका आणि आतल्या फिकट शिरा सुरीच्या टोकाने खरवडून काढा. मिरच्या भाजू नका. उन्हात किंवा अगदी कोमट तव्यावर कुरकुरीत करा, बारीक दळा आणि वस्त्रगाळ करा. या पुडीचा एक मोठा चमचा पुरे. राहिलेली गोडी आणि दाटपणा आणायला एक लाल ढोबळी मिरची वाटून घाला. हा पर्याय अगदीच ओढूनताणून आणलेला नाही, कारण ढोबळी आणि पाप्रिका या वनस्पतीशास्त्राच्या दृष्टीने एकाच जातीच्या मिरच्या आहेत. बाजारातली काश्मिरी मिरचीपूड वापरायची असेल तर आधी चिमूटभर जिभेवर ठेवून बघा. पाकिटागणिक तिचा तिखटपणा बदलतो.

कांदा: लाल करायचा नाही

चार माणसांसाठी एक किलो हाडांसकट चिकन घ्या. तंगड्या आणि मांड्या उत्तम. नुसतं छातीचं बोनलेस घेऊ नका. हाडं आणि सांधे यांतून जे जिलेटिन रश्श्यात उतरतं, त्यानेच रश्श्याला ओठांना किंचित चिकटणारं अंग येतं, आणि छातीचं मांस तेवढा वेळ शिजलं तर सुकून जातं. हंगेरीत बरेच जण चिकन कातडीसकट घेतात. आपल्याकडे दुकानदार विचारल्याशिवायच कातडी काढतो, तेव्हा हवी असेल तर आधी सांगावं लागतं. कातडीविना केलं तर तेल एक चमचा वाढवा, कारण कातडीतून सुटणारी चरबीही हिशेबात धरलेली असते.

परंपरेने हे डुकराच्या चरबीत करतात. आजच्या हंगेरियन घरांत सूर्यफुलाचं तेलही सर्रास वापरतात, त्यामुळे आपलं रिफाइंड तेल चालतं. साजूक तूप घालू नका, त्याचा वास पाप्रिकावर बसतो. जाड बुडाच्या पातेल्यात तीन मोठे चमचे तेल, त्यात तीनशे ग्रॅम कांदा, म्हणजे तीन मध्यम कांदे, जमेल तितके बारीक चिरून. लगेच अर्धा चमचा मीठ घाला आणि झाकण ठेवा. मिठाने कांद्याचं पाणी सुटतं आणि तो त्या पाण्यातच मऊ होत जातो. मंद आचेवर बारा ते पंधरा मिनिटं. अधूनमधून ढवळा. कांदा पारदर्शक होऊन चमच्याने दाबला की चिरडला पाहिजे, पण कडांनाही तपकिरी रंग येता कामा नये.

इथेच आपल्या सवयीला आवर घालावा लागतो. मराठी रश्श्यात आपण कांदा लाल करतो, कारण त्या खमंगपणावरच खोबरं आणि गरम मसाला उभा राहतो. पाप्रिकाशमध्ये तो खमंगपणा मिरचीच्या गोडीला दाबून टाकतो. शिवाय इथे कांद्याचं दुसरं एक काम आहे. तो पुढच्या तासाभरात रश्श्यात पूर्ण विरघळून त्याला दाटपणा देणार असतो. करकरीत लाल झालेला कांदा तसा विरघळत नाही. मिक्सरवर वाटलेला कच्चा कांदाही नको. त्याचा उग्रपणा शेवटपर्यंत जात नाही.

पातेलं खाली उतरवण्याचा क्षण

आता ती चूक, जी साय पोटात घालत नाही. पाप्रिका जळणं.

कांद्यात पाणी आहे तोवर पातेल्यातलं तापमान शंभर अंशांच्या आसपास राहतं. ते पाणी आटलं की तेल झपाट्याने तापत जातं. पाप्रिकात नैसर्गिक साखर भरपूर असते आणि पूड इतकी बारीक असते की तिचा कण न् कण तेलाला एकदम भिडतो. तापलेल्या तेलात ती साखर काही सेकंदांत करपते. रंग लालवरून तपकिरी होतो आणि कडवट चव उतरते, ती साखर घालून जात नाही की साय घालून झाकली जात नाही. असं झालं तर मन घट्ट करून तो कांदा टाकावा आणि पुन्हा सुरुवात करावी. तीन कांदे गेले तरी चालतील, त्यावर किलोभर चिकन घालवू नये.

मग पाप्रिका कच्चीच रश्श्यात का घालू नये? कारण तिचा लाल रंग, ज्यातलं मुख्य द्रव्य कॅप्सॅन्थिन, तेलात विरघळतो, पाण्यात नाही. तेलाचा स्पर्श तर हवाच, पण सौम्य. म्हणून रीत अशी. गॅस बंद करा आणि पातेलं शेगडीवरून खाली उतरवा. अर्धं मिनिट थांबा. दोन ते अडीच मोठे चमचे पाप्रिका एकदम घाला आणि लाकडी चमच्याने ढवळा. या वेळी पातेल्यात डोकावून बघा. आधी कांद्यावर कोरडा लाल थर दिसतो, दोन-तीन वेळा चमचा फिरला की पूड तेल पिते, कांदा शेंदरी होतो आणि पातेल्याच्या कडेने चमकदार लाल तेल बाहेर येऊ लागतं. वास गोडसर येतो. नाकाला झोंबणारी फोडणी इथे नसते. हे सगळं दहा-पंधरा सेकंदांत होतं. लगेच अर्धी वाटी पाणी ओता, म्हणजे तापमान खाली येऊन पूड सुरक्षित होते. मगच पातेलं पुन्हा गॅसवर.

तेल सुटेपर्यंत मसाला परतण्यात ज्यांची हयात गेली, त्यांना ही घाई अपुरी वाटेल. काळजी नको. तेल सुटणार आहे, फक्त त्याची वेळ पुढे आहे.

शिजवताना पाणी कमी

चिकनचे तुकडे घाला, मीठ घाला आणि सगळीकडे लाल रस लागेल असे उलटसुलट करा. मांस वरून पांढरं पडलं की एक चिरलेला टोमॅटो आणि एका ढोबळी मिरचीच्या मोठ्या फोडी घाला. हंगेरीत यासाठी फिकट पिवळसर, पातळ सालीची एक मिरची वापरतात. आपल्याकडची पिवळी ढोबळी बरी, हिरवी असेल तर अर्धीच घ्या, तिचा कडसरपणा चढतो. लसणाची एखादी पाकळी काही घरांत घालतात. त्यापलीकडे काही नाही. हळद, धने-जिरे, दालचिनी, कोथिंबीर, यांतलं काहीच नको. हे कंजूषपणाने सांगत नाही. इतक्या कमी जिनसांत इतकी पूर्ण चव येते, हेच या रश्श्याचं खरं कौतुक आहे, आणि एक मसाला वाढवला की ते दिसेनासं होतं.

पाणी फार घालू नका. चिकन स्वतःचं पाणी सोडतं, तेव्हा आणखी अर्धी वाटी पुरे. तुकडे रश्श्यात अर्धेच बुडलेले असावेत. झाकण ठेवून मंद आचेवर पस्तीस ते चाळीस मिनिटं. वीसेक मिनिटांनी झाकण काढा, आच थोडी वाढवा आणि पाणी आटू द्या. जसं पाणी कमी होतं, तसं तेल वेगळं होऊन वर लाल तवंग येतो. हेच ते तेल सुटणं. आता तापमान किंचित वाढतं, कांदा-टोमॅटो आणि पाप्रिका एकजीव होतात आणि चव गडद होते. चमचा तळाशी फिरवत राहा, लागू देऊ नका. मग पुन्हा थोडं गरम पाणी घालून झाकण ठेवा. पर्कोल्ट करताना हे आटवणं आणि पुन्हा पाणी घालणं दोन-तीन वेळा करतात. ब्रॉयलर चिकनला एकदा पुरतं, जास्त केलं तर मांस हाडावरून सुटून रश्श्यात तुटतं.

गावरान कोंबडी असेल तर वेळ दीड तासावर जातो, पण रस्साही कितीतरी खोल चवीचा होतो. कुकर लावायचा असेल तर लावा, फक्त पाणी अगदी कमी घाला, आणि प्रेशर उतरल्यावर झाकण काढून दहा मिनिटं आटवा. बंद कुकरमध्ये वाफ फारशी बाहेर जात नाही, त्यामुळे नुसत्या शिट्ट्यांवर काढलेला रस्सा पाणचट राहतो.

आंबट साय आणि ती फुटू नये म्हणून

हंगेरियन तेयफोल म्हणजे विरजण लावलेली, घट्ट, बेताची आंबट साय. दुकानात ती बहुधा बारा किंवा वीस टक्के स्निग्धांशाची मिळते. स्वयंपाकाला वीसवाली बरी. हा पदार्थ आपल्याला अनोळखी नाही. लोणी काढण्यासाठी आपण दुधावरची साय साठवून तिला विरजण लावतो, ती घुसळण्यापूर्वीची अवस्था याच्या फार जवळची असते. फक्त साय एक-दोन दिवसांचीच घ्या, आठवडाभर साठवलेलीला उग्र वास येतो. शिवाय तिच्यात सायीचे पापुद्रे असतात, म्हणून ती चाळणीतून घासून घ्या. मिक्सरला लावू नका, लोणी निघेल. घरची साय नसेल तर दोनशे मिली फ्रेश क्रीम कोमट करून त्यात एक चमचा दही मिसळा आणि आठ-दहा तास उबेत ठेवा. सुरेख लागते. नुसतं दही किंवा चक्का वापरायचा मोह टाळा. स्निग्धांश कमी असल्यामुळे तो फुटतो आणि आंबटपणाही जास्त होतो.

साय फुटते म्हणजे नेमकं काय? दुधातली प्रथिनं आंबटपणा आणि उष्णता एकत्र आली की एकमेकांना चिकटतात आणि पाणी सोडतात. रश्श्यात बारीक पांढरे कण दिसू लागतात. स्निग्धांश जास्त असेल तर त्या प्रथिनांना एकत्र यायला अडथळा होतो, आणि पिठातला स्टार्च तोच अडथळा वाढवतो. कढीला आपण बेसन लावतो ते याचसाठी. हंगेरीत बेसनाच्या जागी मैदा असतो.

दोनशे ग्रॅम सायीत एक सपाट मोठा चमचा मैदा गुठळी न राहू देता फेटा. पातेल्यातला गरम रस्सा डावभर घेऊन या मिश्रणात हळूहळू मिसळा, मग आणखी एक डाव. साय कोमट आणि पातळ झाली की आच मंद करून ती पातेल्यात ओता, ढवळत. चिकनचे तुकडे आधी बाहेर काढून ठेवले तर ढवळणं सोपं जातं आणि रस्सा गाळूनही घेता येतो. नंतर चार-पाच मिनिटं हलकेच बुडबुडे येतील इतपतच उष्णता द्या, म्हणजे मैद्याचा कच्चेपणा जातो. खळखळून उकळू नका. रंग आता गडद लालवरून गुलाबीसर केशरी होतो आणि कडेला लाल तेलाची बारीक रेघ राहते. ती रेघ दिसली की समजावं, पाप्रिका नीट उतरली.

काही हंगेरियन घरांत साय रश्श्यात न मिसळता ताटातच वरून घेतात. आणि हंगेरीतल्या धार्मिक ज्यू घरांत मांस व दूध एकत्र खायचं नसल्याने हा रस्सा सायीविना, डुकराच्या ऐवजी हंसाच्या चरबीत करायची रीत आहे. तोही रुचकर, आणि ज्यांना साय चालत नाही त्यांना सरळ उचलण्यासारखा.

सोबत नोकेदली

पाप्रिकाशबरोबर नोकेदली हवेतच. हे अंडं-मैद्याचे ओबडधोबड उकडलेले तुकडे. तीनशे ग्रॅम मैदा, दोन अंडी, चहाचा चमचाभर मीठ आणि साधारण दीडशे मिलीपासून सुरू करून लागेल तसं पाणी. पीठ चमच्यावरून जड पट्ट्यासारखं, तुटत तुटत पडलं पाहिजे. मैदा ओला होईपर्यंतच ढवळा. जास्त घोटलं की ग्लुटेन ताणलं जातं आणि नोकेदली रबरी होतात. हंगेरीत यासाठी मोठ्या भोकांची एक खास किसणी असते. आपल्याकडे मोठ्या भोकांचा बुंदीचा झारा तेच काम करतो. खळखळ उकळत्या, मीठ घातलेल्या पाण्यावर झारा धरा, वर पीठ घाला आणि उलथन्याने घासत खाली पाडा. वाफेने झाऱ्यावरचंच पीठ शिजायला लागतं, म्हणून हात भरभर चालवा आणि थोडं थोडं पीठ घ्या. तुकडे वर तरंगले की मिनिटभराने झाऱ्यानेच काढा, चमचाभर तेलात किंवा लोण्यात घोळवा, नाहीतर गोळा होतो. त्यांच्या खाचाखोचांत रस्सा अडकतो, गुळगुळीत पास्त्याला ते जमत नाही.

नोकेदलीचा घाट नको असेल तर साधा भात चालतो. पावही अगदी योग्य, हंगेरीच्या जेवणाच्या टेबलावर पांढरा पाव असतोच. भाकरी मात्र मला इथे जुळत नाही. तिची स्वतःची चव फार ठाम आहे.

शेजारी काकडी घ्या. पातळ चकत्या करून मीठ लावून वीस मिनिटं ठेवा, हाताने घट्ट पिळा, मग व्हिनेगर, थोडं पाणी आणि साखर यांच्या आंबटगोड पाण्यात घाला, वर चिमूटभर पाप्रिका. सायीच्या जड रश्श्यानंतर तोंड साफ करायला ही लागतेच. शाकाहारी घरात चिकनच्या जागी पाचशे ग्रॅम अळिंबी घ्या. अळिंबी आधी वेगळी परतून तिचं पाणी आटवा, मग पाप्रिकाच्या कांद्यात घाला. दहा मिनिटांत काम होतं.

उरण्याची शक्यता वाटत असेल तर साय घालण्यापूर्वीच अर्धा रस्सा बाजूला काढा. सायीविना तो फ्रिजमध्ये दोन दिवस उत्तम राहतो, साय घातलेला मात्र गरम करताना फुटायची भीती असते. दुसऱ्या दिवशी त्यातलं चिकन हाडांवरून सोडवून बारीक चिरा. दूध-अंड्याची, मैद्याची पातळ धिरडी घाला, त्यांत हे चिकन भरून गुंडाळ्या करा, आणि रश्श्यात आता साय-मैदा मिसळून तो गरमागरम वरून ओता. हंगेरीत याला होर्तोबाद्यी पालाचिंता म्हणतात आणि हॉटेलांत ती मुद्दाम मागवून खातात.